त्या दिवसासारखं तोंड

मधवालीच्या ओळखपत्रावरचा फोटो पाहून हसला नाही असा माणूस गावात नव्हता. डावा डोळा पार मिटलेला, वरचा ओठ फुगून नाकाला टेकलेला, आणि उरलेल्या उजव्या डोळ्याने बाई कॅमेऱ्याकडे अशी बघते आहे, की फोटो झाल्याबरोबर उठून त्याला एक ठेवून देणार. पण गावाचं हसणं घरचं होतं. फोटो तसा का आला हे गावाला माहीत होतं.

मधमाश्या पाळणारं घर ते. टेकडीच्या पायथ्याशी, रानफुलांच्या उताराला लागून पेट्यांची ओळ. त्या घरात पहिल्यापासून एक नियम होता, वासाचं काही अंगाला लावायचं नाही. माश्यांना परका वास खपत नाही. पण फोटो काढणारे गावात आले तेव्हा मधवाली तरणीताठी होती, मुलगा कडेवर होता आणि फोटो जन्मातला पहिला. तिने शेजारणीकडून वासाचं तेल मागून आणलं, केस चोपून बसवले, आणि जाता जाता फोटोवाल्याला ताजा मध न्यावा म्हणून पेटी उघडली. शाळेच्या पटांगणात ती पोचली ती त्या तोंडाने. फोटोवाला म्हणाला, "उद्या आम्ही दुसऱ्या गावाला. काढायचा तर आत्ता." काढला.

पुढे अंगाला सवय झाली. आता माशी चावली तर ती नखाने काटा काढून टाकायची आणि हातातलं काम तसंच चालू ठेवायची. सूज नाही, काही नाही. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, कार्ड मात्र तेच राहिलं. मतदानाला टेबलावर गावच्याच शाळेतले मास्तर असायचे. कार्ड बघायचे, हसायचे आणि बोटाला शाई लावायचे.

मग वर कुठेतरी, कोणाला तरी वाटलं असावं की ही माणसं एकमेकांना फारच ओळखतात. नवा कायदा आला. फोटो आणि तोंड जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर तुम्ही तुम्ही नाही.

पहिला फटका पोस्टात बसला. फुलोरा ऐन भरात होता, मुलगा निम्म्या पेट्या ट्रकवर घालून लांब सूर्यफुलांच्या शेतांवर गेला होता, आणि घरच्या पेट्यांसाठी मागवलेले मेणाचे पत्रे पोस्टात येऊन पडले होते. चौकटीत हे पत्रे बसवले की माश्या त्यावर पोळं बांधायला घेतात. मधवाली आणि तिची सून घाईघाईने गेल्या. खिडकीत नवा कारकून होता. त्याने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हा फोटो कुणाचा?"

"माझा."

"तोंडाला काय झालंय?"

"माश्या चावल्या होत्या."

"केव्हा?"

"आता केव्हा म्हणजे? फोटोच्या दिवशी."

कारकुनाने कार्ड शेजारच्याला दाखवलं. दोघांनी मिळून फोटो पाहिला, मग दोघांनी मिळून तिचं तोंड पाहिलं. बाजारात गुरं बघतात तसं. "जुळत नाही," पहिला म्हणाला.

"अहो, मग ही कोण? असं तोंड घेऊन दुसरी कोण येऊन बसेल माझ्या कार्डावर?"

सून पुढे झाली. "माझ्याकडे द्या. माझं कार्ड जुळतं. बघा."

"पार्सल तुमच्या नावाचं आहे का? नाही ना? व्हा बाजूला."

खिडकीच्या आत भिंतीला टेकून पार्सल दिसत होतं. कागदाच्या फाटक्या कोपऱ्यातून मेणाचा पिवळा पत्रा डोकावत होता. मधवालीने हात आत घातला असता तर पोचला असता. आठवडाभर ते तिथे पडून होतं आणि मग आलं तसं परत गेलं. घरच्या पेट्यांत माश्या रिकाम्या चौकटींना झुंबरासारख्या लटकून राहिल्या, आणि बाहेर उतार फुलांनी नुसता पेटला होता. सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून ते बघायचं आणि परत ठेवायचं, एवढंच काम हातात उरलं.

"नवा फोटोच काढून टाकू आई, म्हणजे कटकट मिटली," सून म्हणाली.

दोघी बसने मोठ्या गावी गेल्या. ओळखपत्राच्या कार्यालयात बाकावर बसून बसून पाय सुजले, तेवढं तोंड सुजलं असतं तर काम झालं असतं. नंबर लागला. टेबलामागे चष्मेवाला बाबू, त्याच्या शेजारी तीन पायांवर कॅमेरा तयार.

"नवा फोटो काढायचा आहे," मधवाली म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसलीसुद्धा.

"उठा. आधी ओळख पटू दे." त्याने कार्ड बघितलं. चष्मा काढून बघितलं. "तोंड जुळत नाही."

"म्हणून तर नवा काढायचा आहे."

"जुन्याशी जुळलं की नवा निघेल."

"जुळलं असतं तर नवा कशाला मागितला असता?"

"ते मला नका सांगू. नियम मी नाही केला. दुसरं काही आहे का, फोटो असलेलं?"

"जन्मात एकदाच काढलाय फोटो. एवढं झाल्यावर पुन्हा कोण काढणार?"

"मग असं करा," बाबू मागे रेलला आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या दिवसासारखं तोंड करून या. लगेच काढून देतो."

रांग हसली. हे हसणं परक्यांचं होतं. मधवाली स्टुलावरून उठली, कार्ड फडक्यात गुंडाळलं आणि बाहेर पडली. बसमध्ये सुनेने खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर खापर फोडून डोळे पुसले.

पार्सल गेलं, ते एक वेळ सोसता आलं असतं. पण गावापुढे त्या महिन्यात टेकडीचा प्रश्न होता. खडीच्या कंपनीला टेकडी हवी होती. द्यायची की नाही यावर गावाने मत द्यायचं, हो किंवा नाही. टेकडी फुटली की धुरळा उडणार, धुरळा फुलांवर बसणार आणि फुलं गेली की पेट्या गेल्या. गावात प्रत्येकाला टेकडीचं थोडंफार काही होतं, मधवालीला टेकडीशिवाय काहीच नव्हतं. तिचं एक मत म्हणजे तिचं सगळं घर होतं.

दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मतदानाच्या टेबलाशी बसणार होता. 'हो'वाल्यांकडून दुकानदार बसणार होता. कंपनीच्या कामगारांचं सगळं सामान त्याच्या दुकानातून जाईल, असं त्याला कबूल झालं होतं. हा दुकानदार लहानपणी मधवालीच्या अंगणात बसून पोळ्याचा तुकडा चघळत मोठा झालेला. काकू काकू करत अजूनही तिचा मध तो आपल्या बरण्यांत भरून विकायचा.

मतदानाच्या दिवशी मुलगा अजून सूर्यफुलांच्या शेतांवरच होता. सकाळी सून न्हाऊन बाहेर आली आणि मधवालीने मान वर केली.

"वास कसला गं?"

"तेल लावलंय जरासं." सून ओशाळली. "या गावात माझं पहिलं मत आई. आणि आज पेट्यांकडे कुठे जायचंय?"

मधवालीच्या ओठावर नियम आला होता. तो तिने गिळला. "बरं. छान दिसतेस," ती म्हणाली.

शाळेच्या खोलीत गावचे मास्तर नव्हते. नव्या कायद्याने बाहेरचा साहेब आणून बसवला होता. प्रवासाने आंबलेला, सभ्य माणूस. त्याने मधवालीचं कार्ड घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मागच्या रांगेतून लगेच आवाज उठले.

"तीच आहे ती साहेब!"

"माश्या चावल्या होत्या हो त्या दिवशी!"

"आख्ख्या गावाला विचारा!"

"गावाला विचारून चालत नाही," साहेब म्हणाला. मग आवाज खाली आणून मधवालीला म्हणाला, "आजी, शंका असली तरी कोणाची हरकत नसेल तर मी माझ्या जबाबदारीवर सोडू शकतो." त्याने टेबलाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "कोणाची हरकत?"

'नाही'वाल्यांच्या माणसाने जोरात मान हलवली, काही हरकत नाही. दुकानदार टेबलावरची टाचणी उचलून पाहत होता.

"माझी आहे," तो म्हणाला.

"तुम्ही या बाईंना ओळखता?"

"नाही."

मधवालीला आधी वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. ती वाकली, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. "अरे, माझ्याकडे बघ तरी."

त्याने बघितलं नाही. साहेबाने कागद पुढे केला. 'सदर बाईस मी ओळखत नाही', दुकानदाराने लिहिलं आणि खाली सही केली.

"माझा नाइलाज आहे आजी," साहेब म्हणाला.

मधवाली पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या मानेची शीर ताडताड उडत होती. सून रांग सोडून तिच्या मागे धावली. "तू मत घालून ये आधी," मधवाली म्हणाली. "नाही. आधी तुमचं, मग माझं," सून म्हणाली. रागाच्या भरात माणूस मोठेपणा दाखवतो, तो असा महागात पडतो.

घरी येऊन मधवाली थेट पेट्यांकडे गेली. जाळीची टोपी खुंटीवरच राहिली. माश्यांना शांत करायचं धुराडं पेटवलं नाही. सून कुंपणाशी थांबली, कारण अंगाला तेलाचा वास होता.

"आई, काय करताय?"

"त्यांना त्या दिवसासारखं तोंड पाहिजे ना? देते."

ऊन डोक्यावर होतं. तिने पेटीचं झाकण उचललं, एक माशी पंखांना चिमटीत धरली आणि डाव्या पापणीवर ठेवली. मग दुसरी, ओठावर. एरवी चौकट ठेवताना एक माशी चिरडली तरी हळहळणारी बाई ही. काटा मारला की माशी मरते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती एकेक उचलत होती, तोंडाला लावत होती आणि मेलेली खाली टाकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने कमरेचं कार्ड काढून सुनेच्या दिशेने धरलं.

"बघ गं. आलं का तसं?"

सुनेने लांबूनच पाहिलं. पापणीवर लाल टिपके आले होते, ओठ जरासा तांबूस झाला होता. तोंड होतं तसंच होतं. इतक्या वर्षांच्या दंशांनी मुरलेलं अंग, ते आता हलायला तयार नव्हतं.

"नाही आई. काही नाही झालं. बस करा."

"कसं नाही होत!" मधवाली ओरडली आणि तिने पेटीला लाथ घातली.

पेटी कलली. आतून असा आवाज उठला की सून सगळं विसरली. तेल विसरली, कुंपण विसरली, आणि सासूला ओढायला आत धावली. माश्या मधवालीला ओळखत होत्या. त्या तिच्या डोक्यावरून गेल्या आणि वासाच्या रोखाने सुनेवर तुटून पडल्या.

मधवालीने अंगावरचं कापड तिच्या डोक्यावर टाकून तिला घरात ओढली, दार लावलं, नखाने काटे काढले, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. पुसता पुसता ती स्वतःला शिव्या घालत होती. सून भिंतीला टेकून कण्हत होती. बघता बघता तिचा डावा डोळा मिटत गेला, वरचा ओठ वर चढला. मधवाली बघत राहिली. तिने कार्ड काढलं, सुनेच्या तोंडाशी धरलं, आणि काही कळायच्या आत तिला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली.

"काय झालं?" सुनेने फुगलेल्या ओठातून विचारलं. तिने हात लांब करून कार्ड घेतलं, एका डोळ्याने पाहिलं, आणि उठून उभी राहिली.

"चला आई."

"कुठे?"

"हे कार्ड मी ठेवते टेबलावर. बघू काय म्हणतात."

"खोटं बोलायचं नाही पोरी."

"बोलायचंय कुणाला? तोंड उघडतंय कुठे माझं?"

दिवस कलला होता. खोलीत गर्दी ओसरली होती. दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत होता. सुनेने मधवालीचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. मधवाली तिच्या मागे. साहेबाने कार्ड उचललं, सुनेचं तोंड पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"हं. हे जुळतं," तो म्हणाला आणि शाईची बाटली ओढली.

पुठ्ठा खाली पडला. दुकानदार ताडकन उभा राहिला. "अहो काय जुळतं? डोळे आहेत का तुम्हाला? ही ती नाहीच! ही तिची सून आहे! कार्डवाली मागे उभी आहे, ती! ती मधवाली!"

"कोण?" साहेबाने विचारलं.

"ती हो! काकू..." दुकानदाराचं तोंड उघडंच राहिलं.

साहेबाने बाटलीचं बूच परत लावलं. टेबलावरच्या कागदांतून सकाळचा कागद शोधून काढला आणि दुकानदारासमोर ठेवला. "सकाळी तुम्ही लिहून दिलंत, ओळखत नाही म्हणून. ही सही तुमचीच ना? की तीही जुळवून बघू?"

रांगेत कोणीतरी शिटी मारली. साहेबाने हरकतीच्या कागदावर आडवी रेघ मारली. सुनेकडे वळून म्हणाला, "आणि बाई, दुसऱ्याचं कार्ड टेबलावर ठेवणं गुन्हा आहे."

"ठेवलं फक्त," सून म्हणाली. "ओळखलंत तुम्ही."

साहेब खाली बघून घोटभर पाणी प्यायला. मधवाली पुढे आली. टेबलाशी थांबली, दुकानदाराकडे वळली.

"आता ओळखलंस का रे मला?"

तो पुठ्ठा उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मधवालीने बोट पुढे केलं, शाई लावून घेतली, पडद्यामागे जाऊन शिक्का मारला. बाहेर आली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, जेमतेम श्वास घेण्याइतका वेळ.

कारण आता सुनेने स्वतःचं कार्ड टेबलावर ठेवलं होतं. कार्डावर एक नीटनेटकी, दोन्ही डोळे उघडे असलेली मुलगी होती. साहेबाने कार्ड पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"हरकत," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही आत्ताच म्हणालात, ही तिची सून आहे."

"सून आहे म्हणालो. कार्डावरची बाई तीच, असं कुठे म्हणालो? मला तर तोंड जुळताना दिसत नाही. तुम्हाला दिसतं का साहेब?"

"मी सांगते ना," मधवाली टेबलावर हात आपटत म्हणाली. "माझ्या घरात राहते, माझ्या हातचं खाते. माझ्या एकुलत्या मुलाची बायको आहे ती!"

"नातेवाइकाची साक्ष चालत नाही आजी."

"गावाची चालत नाही, घरच्यांची चालत नाही. मग चालते कुणाची? फक्त याची? हा सकाळी खोटं बोलला ते चाललं, दुपारी खरं बोलला तेही चाललं, आणि आता पुन्हा..."

साहेबाने घड्याळाकडे पाहिलं. त्याचा आवाज खरोखर पडला होता. "बंद व्हायला थोडा वेळ आहे. सूज उतरवून या. रोजच्यासारखं तोंड करून या, मी सोडतो."

शाळेच्या पायरीवर सुनेला बसवलं. मत देऊन घरी गेलेले लोकही परत आले. सरबतवाल्याने बर्फाचा तुकडा आणला. कोणी कांदा कापून आणला, कोणी ओली माती लावली, कोणी ती पुसून चुना लावावा म्हणालं आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं. जो तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, "उतरतंय, उतरतंय." काही उतरत नव्हतं. मधवाली सुनेचं डोकं मांडीवर घेऊन ओठावर बर्फ धरून बसली होती. तिची बोटं बधिर झाली, शाई लागलेलं बोटही. बर्फाचं पाणी सुनेच्या गळ्यावरून ओघळत होतं आणि त्याला अजून त्या तेलाचा वास होता.

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. साहेब दारात आला, पायरीवरच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि दार ओढून घेतलं.

टेकडी गेली. किती मतांच्या फरकाने गेली ते मधवालीने कोणाला विचारलं नाही, आणि कोणी आपण होऊन सांगायला आलं तर ती उठून आत जायची.

सुनेचं तोंड उतरायला दोन-तीन दिवस लागले. त्या सकाळी ती चुलीपाशी आली तेव्हा मधवालीने तिला दाराच्या उजेडात उभं केलं, तिचं कार्ड मागून घेतलं आणि गालाशी धरलं. साहेब बघत होता तसं एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"जुळतं," ती म्हणाली. "आता डोळ्याला डोळा, नाकाला नाक, सगळं जुळतं."

बाहेर घरघर ऐकू आली. दोघी दारात आल्या. पेट्यांच्या ओळीला लागून, फुलांच्या उतारावरून कंपनीचं यंत्र टेकडी चढत होतं. त्यावर बसलेल्या माणसाला गावात कोणीही ओळखत नव्हतं. त्याला कोणी कार्ड विचारलं नाही.